फिशफाइंडरवर तळ सारखा गायब होतोय? नवीन सेट घ्यायच्या आधी हे तपासा

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, आणि ऑगस्टमधे बोटी पाण्यात गेल्या की पहिल्या आठ-दहा दिवसातच माझा फोन वाजायला लागतो. तक्रार दरवर्षी तीच, फिशफाइंडरची, म्हणजे पाण्यात आवाज सोडून समुद्राचा तळ आणि मासळी दाखवणाऱ्या सेटची. "दादा, तळ दिसत नाय." मधेच दिसतो, मधेच जातो, नाहीतर स्क्रीनभर नुसत्या रेघा. रत्नागिरीपासून देवगडपर्यंतच्या पट्ट्यात मी बोटींवरचे फिशफाइंडर, जीपीएस, वायरलेस यांची कामं करतो आणि हा एकच बिघाड इतक्या बोटींवर काढलाय की म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवूया. कारण होतं काय, सेट गेला समजून लोक नवीन सेट घेतात, जुन्याच वायरीला, बोटीखालच्या जुन्याच ट्रान्सड्युसरवर (आवाज सोडणारा आणि ऐकणारा सेन्सर) लावतात आणि तोही दोन दिवसात तसाच वागायला लागतो. पैसे गेले ते गेले, वर सीझनच्या सुरुवातीचे दिवस गेले.

माझं ठाम मत आहे, स्क्रीनवाला डबा फार कमी वेळा खराब असतो. बिघाड असतो तो एक तर बॅटरीपासून सेटपर्यंतच्या वायरीत, नाहीतर सेटपासून खाली पाण्यापर्यंतच्या वाटेत. त्यामुळे सेट बदलणं हा शेवटचा उपाय, पहिला नाही.

आधी लक्षण ओळखा

तळ दिसत नाही एवढं सांगून काही कळत नाही. कधी आणि कसा दिसत नाही ते बघा:

- बोट उभी असताना तळ छान, वेग वाढवला की गेला. इथे बहुतेक वेळा ट्रान्सड्युसरखाली हवेचे बुडबुडे येतायत किंवा इंजिनचा डिस्टर्बन्स आहे.
- वेग कितीही असो, तळ फिकट. गेल्या वर्षी ४० वावात (एक वाव साधारण सहा फूट) दिसायचा, आता १५ वावाच्या पुढे नाही. खाली काहीतरी चिकटलंय, रंग लागलाय, किंवा ट्रान्सड्युसरच्या आतला क्रिस्टल कमजोर झालाय.
- तळ दिसतो पण त्यावर ठिपक्यांच्या तिरक्या रेघा, पावसासारख्या. हा बाहेरून येणारा नॉइज, म्हणजे बोटीवरच्या दुसऱ्या विजेच्या वस्तूंचा डिस्टर्बन्स.
- सेट मधेच बंद होतो आणि आपोआप परत चालू होतो, स्टार्टर मारताना किंवा वायरलेसवर बोलताना तर नक्कीच. व्होल्टेज पडतंय.
- खोलीचा आकडा दुप्पट दाखवतोय, किंवा बोट चालली तरी आकडा भलताच काहीतरी. सेटिंग.
- सेट चालू, मेनू चालू, सगळं चालू, पण पाण्यातून काहीच येत नाही. कनेक्टर किंवा केबल.

एका बोटीवर दोन लक्षणं एकत्र असू शकतात, ते पण होतं, म्हणून एक कारण सापडलं म्हणून लगेच थांबू नका.

हे चालतं कसं, दोन मिनिटात

हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं म्हणून सांगतो. बोटीच्या तळाला जो ट्रान्सड्युसर असतो, ज्याला आपल्याकडे बरेचजण नुसतं खालचा सेन्सर म्हणतात, त्यात सिरॅमिकची चकती असते, तिलाच क्रिस्टल म्हणतात. सेट तिला विजेचा झटका देतो, ती थरथरते, आवाज खाली जातो, तळावर आपटून वर येतो आणि तीच चकती तो ऐकते. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. म्हणजे तळ ३० मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६० मीटर, वेळ ४० मिलीसेकंद. पापणी लवायच्या आधी तो आवाज जाऊन परत आलेला असतो आणि परत आलेला आवाज इतका बारीक असतो की वाटेत जरा काही आडवं आलं की संपला.

आणि सगळ्यात वाईट आडवं येणारी गोष्ट म्हणजे हवा. पाण्यातून हवेत आवाज जवळजवळ शिरतच नाही, सगळा परत फिरतो. मासा फिशफाइंडरवर दिसतो तोसुद्धा मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या फुग्यामुळे. घोळीचं बोत ज्याला आपण म्हणतो आणि ज्याला एवढा भाव येतो तोच हा फुगा. मुशी, पाकट यांना असा फुगा नसतो म्हणून त्यांचा इको कमजोर येतो. जपानमधे फुरुनो बंधूंनी १९४८ मधे मच्छीमारांसाठी पहिला वापरण्यासारखा फिशफाइंडर काढला, त्यामागेसुद्धा हीच गोष्ट होती, मासे असतात तिथे पाण्यात बुडबुडे असतात हे तिथल्या मच्छीमारांना माहीत होतं. तर जी हवा मासा दाखवते तीच हवा ट्रान्सड्युसरच्या तोंडावर आली की सगळं आंधळं करते.

पहिलं, सेटिंग. एक पैसा खर्च नाही

हसू नका, पण सगळ्यात आधी सेट डेमो मोडमधे तर नाही ना ते बघा. डेमोमधे स्क्रीनवर मासे, तळ सगळं सुंदर दिसतं पण ते खोटं असतं, बोट धक्क्याला बांधलेली असली तरी खोली बदलत राहते. बंदीत घरी कुणी मुलाने बटणं दाबलेली असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही. खोटी खोली खरी समजून खाडीच्या तोंडातून बोट आत घेणं किती धोक्याचं आहे ते वेगळं सांगायला नको.

मग युनिट बघा. आपण बोलतो वावात, म्हणजे फॅदममधे, साधारण सहा फूट. सेट मीटरवर गेला असेल तर १० वावाच्या जागी १८ दाखवणार आणि तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणणार आकडा जवळजवळ दुप्पट येतो. असे फोन दरवर्षी येतात.

रेंज ऑटोवर टाका, गेन ऑटोवर टाका. गेन म्हणजे कान किती टवकारायचे ते. कमी असेल तर तळ फिकट, जास्त असेल तर स्क्रीनभर कचरा. उथळ पाण्यात, तळाला खडप म्हणजे खडक असेल आणि गेन जास्त असेल तर आवाज तळावरून वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून परत खाली जातो आणि पुन्हा वर येतो, त्यामुळे दुप्पट खोलीवर दुसरा तळ दिसतो. ती बिघाडाची खूण नाही. उलट दुसरा तळ ठळक दिसत असेल तर ट्रान्सड्युसर तंदुरुस्त आहे आणि खाली कडक जागा आहे असं समजा. चिखलाच्या जागी तो येत नाही किंवा फार फिकट येतो, कारण मऊ गाळ आवाज पिऊन टाकतो.

फ्रिक्वेन्सी पण बघा. साध्या सेटवर ५० आणि २०० किलोहर्ट्झ असतात. २०० बारीक आणि स्वच्छ दाखवतं पण खोल पोचत नाही, ५० खोल जातं पण रुंद पसरतं. नेहमीच्या लहान ट्रान्सड्युसरला ५० वर साधारण ४५ अंशाचा आणि २०० वर १२ अंशाचा कोन असतो, म्हणजे ३० मीटर खोलीवर ५० वाला जवळजवळ २५ मीटर रुंद गोल बघतो आणि २०० वाला सहा मीटरचा. म्हणून कड्याच्या जागी ५० वर तळ पुसट होतो. विजयदुर्गच्या पश्चिमेला खोल समुद्रात आंग्रिया बँक म्हणून पाण्याखालचं पठार आहे, त्याच्या कडेला जाणाऱ्यांना हे नेहमी दिसतं. वरचा भाग वीस-पंचवीस मीटरवर आणि कडेला एकदम खोल. तिथे तळ गेला म्हणून सेटला दोष देऊ नका, फ्रिक्वेन्सी बदलून बघा.

शेवटी फॅक्टरी रिसेट. पण थांबा!! सेट जीपीएससकट असेल तर रिसेटमधे तुमचे सगळे पॉइंट पुसले जाऊ शकतात. बापाने, आजाने दाखवलेल्या खडपाच्या जागा, जाळी अडकते त्या बुडालेल्या बोटींच्या जागा, वीस वर्षांची कमाई असते ती. आधी मेमरी कार्डवर घ्या, आणि ते जमत नसेल तर वही घेऊन बसा आणि एकेक आकडा उतरवा. दोन तास जातील, जाऊदेत.

दुसरं, दोर आणि शिसं

सेट खरं बोलतोय का खोटं ते तपासायचं सगळ्यात स्वस्त साधन बोटीवर आधीच आहे. जाळ्याचं शिसं घ्या, दोराला बांधा, दोरावर वावा-वावावर गाठ मारा आणि बोट उभी असताना ट्रान्सड्युसरच्या बाजूने सोडा. तळाला लागलं की गाठी मोजा. सेट ट्रान्सड्युसरच्या तोंडापासून मोजतो, पाण्याच्या पृष्ठभागापासून नाही, तेवढा फरक धरा.

थोडा फरक येणारच. सेट १५०० चा वेग धरून चालतो पण आपल्याकडचं ३० डिग्रीचं खारं पाणी असेल तर आवाज १५४५ च्या आसपास धावतो, त्यामुळे सेट तीनेक टक्के कमी दाखवतो, ३० मीटरच्या जागी २९. हा बिघाड नाही. पण दोर १२ वाव सांगतोय आणि सेट ७ किंवा २४ सांगतोय तर मग पुढे वाचा.

बोट उभी असताना आकडा जुळतो आणि चालू झाल्यावर बिघडतो हे जर इथेच कळलं तर अर्धं काम झालं, कारण मग क्रिस्टल आणि केबल बहुतेक ठीक आहेत.

तिसरं, व्होल्टेज. इथे सगळ्यात जास्त केस सुटतात

मल्टिमीटर बोटीवर ठेवाच, साधा तीन-चारशे रुपयांचा चालतो. १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण चार्ज असेल आणि इंजिन बंद असेल तर १२.६ च्या आसपास दाखवते, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. चोवीसची सिस्टीम असेल तर दुप्पट धरा. आता महत्त्वाचं म्हणजे फक्त बॅटरीवर मोजून थांबू नका. सेटच्या मागे जो प्लग जातो तिथे मोजा, आणि सेट चालू असताना मोजा. मोकळ्या वायरीवर बारा दिसतात आणि लोड आला की खाली येतात, म्हणून नुसतं मोजून सगळं बरोबर आहे म्हणणारा मेकॅनिक फसतो. बॅटरी आणि प्लग यांच्यात अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर मधे कुठेतरी जॉइंट खराब आहे नाहीतर वायर बारीक आहे.

एका ट्रॉलरवरची गोष्ट सांगतो. सेट दर दहा मिनिटांनी बंद पडायचा, दोघांनी बघून झालं होतं, तिसरा सेट लावायची बोलणी चालू होती. मी बॅटरीवर मोजलं, १२.६. प्लगवर सेट चालू असताना ११.४. खलाशाला सांगितलं वायरलेसचं बटण दाब, लगेच १०.१, आणि सेट डोळ्यासमोर बंद. मग इंजिनरूममधे उतरून बॅटरीचं झाकण काढलं. निगेटिव्ह टर्मिनल ढिलं झालं होतं म्हणून कुणीतरी फटीत खिळा ठोकून घट्ट केलं होतं. खिळा लोखंडी, टर्मिनल शिशाचं, वरून खारं पाणी. पांढरी-हिरवी बुरशी धरली होती आणि हात लावला तर टर्मिनल गरम लागत होतं. खिळा काढला, टर्मिनल पॉलिश पेपरने घासलं, नवीन क्लॅम्प टाकला, वर ग्रीस लावलं. प्लगवर १२.४. तो सेट आजही चालतोय.

तर टर्मिनल उघडून घासा, खिळे आणि सिगरेटच्या पाकिटाची चांदी असलं काही असेल तर काढा. फ्यूज होल्डर उघडून बघा, फ्यूज चांगला असतो पण होल्डरच्या पट्ट्या गंजलेल्या असतात. फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार अजिबात टाकू नका, बोटीला आग लागायची ती सुरुवात असते, आणि समुद्रात आग लागली तर पळायला जागा नाही. फिशफाइंडरची लाइन डेकच्या दिव्यांच्या लाइनवरून घेतलेली असेल तर काढा, बॅटरीवरून थेट वेगळी लाइन टाका, निदान २.५ स्क्वेअर एमएमची, बॅटरीजवळ फ्यूज देऊन. जमलं तर टिन्ड कॉपर वायर वापरा, साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत आतून काळी पडते, बाहेरून प्लास्टिक चकाचक आणि आत भुकटी.

चौथं, कनेक्टर

सेटच्या मागचा ट्रान्सड्युसरचा प्लग काढा (सेट बंद करून, हे नेहमी). टॉर्च मारून आत बघा. एक जरी पिन हिरवी दिसली की ती कारण समजा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, जुन्या मऊ टूथब्रशने घासा, पूर्ण सुकू द्या, मग डायइलेक्ट्रिक ग्रीसचा पातळ हात. सॅंडपेपर पिनला लावू नका, वरचा मुलामा जातो आणि मग महिन्यात परत हिरवी.

केबलला प्लगच्या आधी खाली एक लोंबता वळसा ठेवा. छताचं पाणी केबलवरून ओघळत येतं ते वळशाच्या खालच्या टोकाला टपकतं, प्लगमधे शिरत नाही. एवढ्याशा गोष्टीने प्लगचं आयुष्य वर्षानुवर्षं वाढलेलं मी बघितलंय.

इथे एक खूण. सेट पाण्याचं तापमान दाखवत असेल आणि ते पटण्यासारखं असेल, म्हणजे २६ ते ३० च्या आत, पण खोली येत नसेल, तर अख्खी केबल तुटलेली नाही आणि प्लगही निदान अर्धा बसलाय. तापमान पण नाही आणि खोली पण नाही तर प्लग किंवा केबलवरच संशय घ्या.

पाचवं, नॉइज

रेघा येत असतील तर शोधायची पद्धत एकच आहे, सगळं बंद करायचं आणि एकेक चालू करायचं. इंजिन बंद, दिवे बंद, इन्व्हर्टर बंद, चार्जर बंद, वायरलेस बंद. फक्त सेट. स्क्रीन स्वच्छ झाली? मग एकेक बटण दाबत जा आणि प्रत्येकानंतर मिनिटभर थांबा. हल्ली डेकवर आणि केबिनमधे जे स्वस्त एलईडी दिवे लावतात त्यांच्या आतला ड्रायव्हर हा मोठा गुन्हेगार आहे, एक दिवा बंद केला की अख्खी स्क्रीन साफ होते असं कितीदा झालंय. दुसरा नंबर इन्व्हर्टरचा, तिसरा अल्टरनेटरचा. रेघा इंजिनच्या वेगाबरोबर दाट-विरळ होत असतील तर अल्टरनेटर.

नॉइज कुठून शिरतोय ते बघायला ट्रान्सड्युसरचा प्लग काढून सेट चालू करा. रेघा तशाच राहिल्या तर त्या पॉवरच्या वायरीतून येतायत, गेल्या तर ट्रान्सड्युसरच्या केबलमधून. पॉवरमधून येत असतील असं वाटलं तर बाइकची १२ व्होल्टची बॅटरी आणा (सेट १२ वर चालणारा असेल तरच), सेट फक्त तिच्यावर चालवा. रेघा गेल्या तर बोटीच्या लाइनचाच दोष, सेटचा नाही. ट्रान्सड्युसरची केबल बाकीच्या वायरींच्या जुडग्यात बांधलेली असेल तर वेगळी काढा, निदान हातभर लांबून न्या, आणि जिथे ओलांडायला लागेल तिथे काटकोनात ओलांडा. जास्तीची केबल गुंडाळून इंजिनजवळ टांगू नका, पण कापू पण नका.

आणि हो, बंदरात शेजारी चार बोटी असतील आणि सगळ्यांचे सेट चालू असतील, सगळे त्याच ५० आणि २०० वर, तर एकाचा आवाज दुसरा ऐकणारच. बाहेर गेल्यावर रेघा जातात. सेटमधे इंटरफिअरन्स रिजेक्शन असतं ते चालू करा, पण अगदी वरच्या टोकाला नेऊ नका, बारीक मासळी त्यात पुसली जाते.

सहावं, बोटीखाली बघा

आता इथून कपडे ओले होतात. बोट खाडीत ओहोटीला टेकत असेल तर उत्तम, तेव्हाच बघा. नाहीतर चांगला पोहणारा माणूस खाली घाला, पण इंजिनची चावी काढून तांडेलने खिशात ठेवायची आणि तो माणूस वर येईपर्यंत जागचं हलायचं नाही. बोटीचा पंखा (प्रोपेलर) फिरला तर काय होतं ते सांगायची गरज नाही.

ट्रान्सड्युसरच्या तोंडावर काय आहे ते हाताने चाचपा. गुळगुळीत शेवाळ असेल तर कापडाने पुसलं जातं. बारीक शिंपले, ते टणक पांढरे बार्नेकल असतील तर प्लास्टिकच्या पट्टीने हळू काढा. लोखंडी खरवडणी नको, तारेचा ब्रश नको, थिनर किंवा अॅसिटोन तर मुळीच नको, तोंडाचं प्लास्टिक विरघळतं. शिंपल्यांच्या मधे हवा अडकते आणि आवाज विखुरतो म्हणून एवढ्याशा थराने अर्धी ताकद जाते.

आणि रंग! ऑगस्टमधल्या निम्म्या तक्रारींच्या मुळाशी मला हाच सापडतो. बंदीत बोट रंगवतात, रंगारी बिचारा इमानाने सगळ्या तळाला हात मारतो, ट्रान्सड्युसरवर पण दोन जाड हात. तांब्याचा अँटीफाउलिंग रंग, त्यात ब्रशने अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे, म्हणजे क्रिस्टलच्या तोंडावर हवेची गादीच की. ट्रान्सड्युसरला एकतर काहीच लावू नका, नाहीतर ट्रान्सड्युसरसाठीचा वॉटर-बेस्ड रंग मिळतो त्याचा एक पातळ हात. रंग आधीच लागलाय तर बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून, अगदी हलक्या हाताने, रंग जाईपर्यंतच. रंगारी यायच्या आधी ट्रान्सड्युसरवर कागदी टेप मारून ठेवा आणि बोट पाण्यात घालायच्या आधी टेप काढायची आठवण कुणाच्या तरी अंगावर टाका.

बोट पाण्यात उतरवायच्या आधी ट्रान्सड्युसरच्या तोंडाला भांड्याच्या साबणाचा हात फिरवा. कोरड्या तोंडावर हवेचा पातळ थर चिकटून राहतो आणि पहिले दोन दिवस तळ येत नाही, साबणाने पाणी लगेच धरतं.

सातवं, वेग वाढवल्यावरच तळ जातो

वरचं सगळं करून झालं आणि अजूनही बोट पळायला लागली की तळ जातो, तर ट्रान्सड्युसरची जागा चुकलीय. नाळ (बोटीचं पुढचं टोक) पाणी कापते तेव्हा हवा खाली ओढली जाते आणि तळाखालून मागे सरकते. ट्रान्सड्युसर फार पुढे असेल तर लाटेवर बोट उचलली की तो हवेत येतो, फार मागे असेल तर पंख्याच्या खळबळीत येतो. चांगली जागा म्हणजे नाळेपासून बोटीच्या लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत, पठाणाच्या म्हणजे कीलच्या बाजूला, आणि त्याच्या पुढे कुठलाही पाण्याचा पाइप, पट्टी, झिंकचा ठोकळा नको. समोरची एक पट्टी सुद्धा बुडबुड्यांची माळ सोडते.

तोंड पाण्याला समांतर आहे का बघा. बर्फ, डिझेल, मासळी भरल्यावर बोटीचा तोल बदलतो, तेव्हाचा विचार करा, रिकाम्या बोटीचा नाही. ट्रान्सड्युसरच्या भोवती लाकडी ठोकळा असेल तर त्याची पुढची कड फुटलेली किंवा फुगलेली नाही ना ते चाचपा, एका बोटीवर फक्त ती कड गोल करून तळ परत आलाय. फायबरच्या बोटीत काहीजण ट्रान्सड्युसर आतून चिकटवतात, ते चालतं पण फक्त भरीव फायबरमधून, आणि चिकटवताना आत एकही बुडबुडा राहता कामा नये. लाकडातून आवाज नीट जात नाही, लाकडी बोटीला आतून लावून उपयोग नाही.

जागा बदलायची म्हणजे तळाला भोक पाडायचं. ते तुम्ही करू नका. पुढे लिहिलंय.

आठवं, केबल आणि क्रिस्टल

बोट वर असताना सेट दहा-पंधरा सेकंद चालू करा आणि खाली ट्रान्सड्युसरजवळ कान न्या. टिक टिक टिक असा बारीक आवाज आला तर झटका पोचतोय आणि क्रिस्टल हलतोय. एवढंच करून सेट बंद करा. बोट किनाऱ्यावर असताना सेट तासनतास चालू ठेवायचा नाही, मोठ्या पॉवरच्या ट्रान्सड्युसरला तर इतकाही नको, कारण पाणी त्याची ताकद आणि उष्णता घेऊन जातं, हवेत ती आतच राहते आणि क्रिस्टल तडकतो. बंदीत पोरं सेट लावून बघत बसतात, त्यांना सांगा.

केबल पूर्ण लांबीभर हातातून सोडा. बंदीत बोटीत उंदीर शिरतात आणि केबल कुरतडतात, बाकी ठिकाणी ती बर्फाच्या खणाच्या झाकणाखाली चिरडलेली असते. मग प्लग काढून मल्टिमीटरने शील्ड (वायरींभोवतीचं धातूचं आवरण) आणि आतल्या वायरी यांच्यात शॉर्ट आहे का बघा. ट्रान्सड्युसरमधे ट्रान्सफॉर्मर असेल तर वायरींमधे कमी ओहम दाखवतो, ते पाहून घाबरू नका, म्हणून बोट नवीन असतानाच सगळे आकडे वहीत लिहून ठेवा, नंतर तुलना करायला काहीतरी हातात पाहिजे. कपॅसिटन्स मोजणारा मीटर असेल तर तोही आकडा लिहा, पुढे तो एकदम शून्याजवळ आला तर केबल कुठेतरी तुटलीय. चांगला चालणारा दुसरा ट्रान्सड्युसर, त्याच मॉडेलचा, कुणाकडून मिळाला तर बोटीच्या बाजूने दोराला बांधून पाण्यात सोडा आणि सेटला जोडा. तळ आला तर सेट चांगला आणि खालचा ट्रान्सड्युसर गेला. ही सगळ्यात पक्की परीक्षा.

इथे थांबा

सेटचं झाकण उघडू नका. आत ट्रान्समीटरला शेकडो व्होल्ट लागतात आणि बॅटरी काढल्यावरही कपॅसिटरमधे काही वेळ ते राहतात. शिवाय रबराची सील एकदा हलली की पाणी आत जाणारच.

ट्रान्सड्युसरची केबल मधेच तुटली असेल तर टेप गुंडाळून जोडू नका. आतली वायर, शील्ड, सगळं जसंच्या तसं जोडायला लागतं, नाहीतर एक दोष जातो आणि नॉइज कायमचा येतो. माहीतगार माणसाकडून करून घ्या, आणि शक्य असेल तर ट्रान्सड्युसरच बदला.

बोट पाण्यात असताना ट्रान्सड्युसरचा नट सैल करायचा नाही, थोडासा पण नाही, थेंब गळतोय म्हणून घट्ट करायला जाऊन पण नाही. त्याच्याभोवती पाणी झिरपताना दिसलं तर फिशफाइंडर विसरा, पंप चालू करा, बंदरात या, बोट वर घ्या. नवीन भोक, जागा बदलणं, सील करणं हे बोट बांधणारा मिस्त्री आणि इलेक्ट्रॉनिक्सवाला दोघांनी मिळून करायचं काम आहे.

आणि दुरुस्ती होईपर्यंत खाडीचं तोंड ओलांडताना सेटवर विसंबू नका. पावसाळ्यानंतर वाळूचे पट्टे सरकलेले असतात, गेल्या वर्षीची वाट यावर्षी असेलच असं नाही. भरतीला आत या आणि नाळेवर एक माणूस शिशाचा दोर घेऊन उभा करा.

मेकॅनिकला फोन कराल तेव्हा नुसतं "तळ दिसत नाय" सांगू नका. बोट उभी असताना दिसतो का, किती वावापर्यंत दिसतो, तापमान दाखवतो का, सेट चालू असताना प्लगवर किती व्होल्ट, सगळे दिवे बंद करून रेघा जातात का, यावर्षी तळाला रंग मारला का. एवढी उत्तरं आणि स्क्रीनचा एक फोटो पाठवलात तर येताना बरोबर काय सामान आणायचं ते त्याला कळतं आणि त्याची एक फेरी वाचते.